कापूसपट्ट्यातील महाविद्यालयाने काय जपून ठेवावे?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी संशोधन नियतकालिके एकाच सामायिक वर्गणीतून देणाऱ्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेला मान्यता दिली, तेव्हा आम्हा ग्रंथपालांमध्ये बरीच चर्चा झाली. तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके, २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये आणि ६,३०० च्या आसपास संस्था, हे आकडे पाहून काहींना ग्रंथसंग्रहाचा प्रश्नच निकाली निघाल्यासारखे वाटले. केंद्र आणि राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आखलेली ही योजना एखाद्या शिक्षण संस्थेने तालुक्याच्या गावी चालविलेल्या अनुदानित महाविद्यालयापर्यंत केव्हा पोहोचणार, असे इतरांनी विचारले. विदर्भातील कितीतरी ग्रामीण महाविद्यालये याच प्रकारची असल्यामुळे ती शंका रास्त होती. मला मात्र त्या पुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. उद्या ही सगळी नियतकालिके आमच्या विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर आली, तर आमच्या ग्रंथालयाने स्वतःचे म्हणून काय जमवायचे?

ई-साहित्य आमच्याकडे मुळीच नाही, असेही नाही. उच्च शिक्षणातील ग्रंथालयांसाठी काम करणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची एन-लिस्ट ही सेवा २०१० पासून आहे आणि वर्षाला काही हजार रुपये भरून महाविद्यालयाला सहा हजारांहून अधिक ई-नियतकालिके आणि दीड लाखाहून अधिक ई-ग्रंथ वाचता येतात. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचा आयडी मिळतो, त्यामुळे गावी राहून, रात्री नेटवर्क मोकळे झाल्यावरही वाचन करता येते. विज्ञान शाखेतील प्राध्यापक आणि पीएच.डी. करणारे या सेवेचा मनापासून उपयोग करतात. बी.ए.च्या पहिल्या वर्षातील, मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी मात्र आयडी घेतो आणि विसरून जातो, कारण तेथील ग्रंथ बहुतांश इंग्रजीत आहेत आणि त्याला हवे असलेले क्रमिक पुस्तक तेथे नसते. देवघेव खिडकीवर जून-जुलैमध्ये लागणारी रांग अजूनही त्याच छापील पुस्तकांसाठी असते. विद्यार्थ्यांना क्रमिक पुस्तके देणारी बुक बँक बंद करून सगळा पैसा ई-साहित्याकडे वळवावा, असा सल्ला देणाऱ्यांनी ती रांग एकदा पाहावी.

तरीही, क्रमिक पुस्तके सोडली तर बाकीच्या सर्वसाधारण संग्रहाचे भविष्य बरेचसे ठरलेले आहे, असे माझे मत आहे. जे साहित्य नागपूर, पुणे आणि दिल्लीतही आहे, ते आमच्याकडे वर्गणीच्या रूपानेच येणार. वर्गणी म्हणजे मालकी नव्हे, एवढे भान ठेवले म्हणजे पुरे. छापील अंक एकदा दाखल नोंदवहीत चढला की पुढच्या वर्षी वर्गणी भरली नाही तरी तो कपाटात राहतो. ई-नियतकालिकांच्या करारात जुन्या अंकांचा कायमचा हक्क वेगळा लिहून घेतला नसेल, तर वर्गणी थांबताच तेही बंद होऊ शकतात. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांनी विकत घेतलेली पुस्तकेसुद्धा नाहीशी झाली. पैसे परत मिळाले, पुस्तके गेली. मक्त्याने केलेल्या वावरात कोणी विहीर खोदत नाही. ई-साहित्याचा वापर भरपूर करावा, पण पन्नास वर्षांनंतरच्या वाचकासाठी काही राखायचे असेल तर ते त्या भरवशावर सोडू नये.

राखण्यासारखे आमच्याकडे काय आहे, हे मला एका पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रश्नामुळे नीट उमगले. “सर, आपल्या बाजार समितीचे जुने अहवाल कुठं भेटतील?” असे त्याने विचारले होते. कापूस बाजाराच्या नियमनाचा इतिहास सांगताना कारंजा येथील १८८६ चा नियमित बाजार आणि १८९७ चा वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारविषयक कायदा यांचा उल्लेख देशभरातील पुस्तकांत येतो, म्हणजे हा विषय जन्मला तोच आमच्या परिसरात. इंग्रजी नियतकालिकांत त्यावर लेख सापडतात, जुनी जिल्हा गॅझेटियरही आता इंटरनेटवर वाचता येतात. परंतु १९७२ मध्ये सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेच्या (कापूस शासनाच्याच यंत्रणेने विकत घ्यायचा) काळात आमच्या तालुक्यातील संकलन केंद्रावर काय घडत होते, चुकारे, म्हणजे शेतकऱ्यांना कापसाचे पैसे, किती उशिरा होत होते, सहकारी जिनिंग-प्रेसिंग संस्थेच्या वार्षिक सभेत सभासद कशावरून भांडत होते, हे कोणत्याही प्रकाशकाच्या संचात नाही. ते संस्थेच्या छापील अहवालांत, तालुक्याच्या साप्ताहिकांत, रौप्यमहोत्सवी स्मरणिकांत आणि कोणाच्या तरी माडीवरील पेटीतल्या वह्यांत आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावर पूर्वी धावणाऱ्या शकुंतला रेल्वेविषयी वर्तमानपत्रांत हळहळ पुष्कळ छापून आली. त्या मार्गावरील एखाद्या स्थानकातून किती कापूस जात होता हे शोधायला निघालेल्या विद्यार्थ्याला त्या हळहळीचा उपयोग नाही.

हेच इतरत्रही लागू पडते. गडचिरोली किंवा वडसा भागातील महाविद्यालयाने झाडीपट्टीच्या नाटकांची हस्तपत्रके दर हंगामात गोळा केली, रिद्धपूरच्या परिसरातील महाविद्यालयाने महानुभाव मठांतील पोथ्यांची निदान यादी ठेवली, तर ते काम दुसरे कोणी त्यांच्यासाठी करणार नाही. पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा आणि कृषी विद्यापीठांतील प्रबंध कृषिकोश या ऑनलाइन संग्रहांवर येतात, एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी गावोगाव फिरून केलेले लघुप्रबंध मात्र गुण दिल्यानंतर रद्दीत जातात. भाषा अडखळती असली तरी त्यांतली गावपातळीवरची माहिती पुन्हा मिळण्यासारखी नसते.

हे काम स्कॅनर विकत घेतला की झाले, असे अनेक व्यवस्थापनांना वाटते. जुन्या साप्ताहिकांचा कागद लाकडाच्या लगद्याचा आणि आम्लयुक्त; तो पिवळा पडून घडीवर तुटतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो आणि लगेच जुलैतली ओल येते, हा बदल कागदाला फार वाईट. कसर आणि वाळवी वेगळीच. त्यामुळे आधी कागदाची सोय, मग प्रतिमा. प्रतिमा काढल्यावर दिनांक, गाव, संस्था, विषय अशी नोंद कोणीतरी हाताने करावी लागते, कारण खिळ्यांच्या छपाईतील अस्पष्ट देवनागरी यंत्राला अजून नीट वाचता येत नाही. नोंदीशिवायच्या प्रतिमा म्हणजे हार्ड डिस्कवर भरलेली अडगळ, आणि ती डिस्क एकच असेल तर तीही गेलीच म्हणून समजावे. मूळ प्रतिमा निदान दोन वेगळ्या इमारतींत असाव्यात. प्रताधिकाराचाही विचार हवा: लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी, म्हणजे १९६५ मध्ये निधन पावलेल्या लेखकाचे हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य १ जानेवारी २०२६ पासून मुक्त होते. प्रताधिकार अजून संपलेला नाही अशा स्मरणिका जतन करता येतील, पण सगळ्याच इंटरनेटवर ठेवता येणार नाहीत. ज्या घराने आजोबांच्या हिशेबाच्या वह्या दिल्या, त्या घराची उधारी साऱ्या गावाला वाचू द्यावी का, हा प्रश्न कायद्याच्याही अलीकडचा आहे. मी अशा वह्या केवळ वाचनकक्षात देतो.

या सगळ्यात सर्वांत मोठा धोका मला निर्लेखनाचा, म्हणजे जुनी पुस्तके नोंदीतून कमी करून काढून टाकण्याचा, वाटतो. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या भेटीपूर्वी कपाटे मोकळी करण्याची घाई होते, समिती बसते, बांधणी सुटलेली पुस्तके एका गठ्ठ्यात बांधली जातात आणि त्यातच पन्नास वर्षांपूर्वीची एखादी स्थानिक स्मरणिका निघून जाते, कारण तिची किंमत नोंदवहीत दोन रुपये लिहिलेली असते. जुन्या आवृत्तीची क्रमिक पुस्तके जरूर काढावीत. ती ठेवून जागा अडविण्यात अर्थ नाही. परंतु स्थानिक छपाईचे काहीही काढण्यापूर्वी त्याची दुसरी प्रत कोठे आहे, हे पाहिलेच पाहिजे. इन्फ्लिबनेटची इंडकॅट ही संयुक्त तालिका मुख्यतः विद्यापीठ ग्रंथालयांची आहे. तालुक्यातील महाविद्यालयाच्या कपाटात काय आहे, हे तीवरून कळत नाही. म्हणून शेजारच्या काही महाविद्यालयांतील ग्रंथपालांनी मिळून आम्ही एक साधी एक्सेल यादी सुरू केली आहे. तीत फक्त स्थानिक साहित्य चढवायचे, आणि शेवटच्या रकान्यात दुसरी प्रत कोणाकडे आहे ते लिहायचे. तो रकाना रिकामा असेल तर ती वस्तू निर्लेखनाच्या प्रस्तावात घालायची नाही, एवढे ठरले आहे. व्यवस्थापनांची लेखी संमती अजून दोनच ठिकाणांहून आली आहे.