एकाच पडद्यावर फंड, सोने आणि ऑप्शन्स

पहिली नोकरी लागल्यावर माझ्या भाचीने गुंतवणूक सुरू केली, तेव्हा तिला एजंटला घरी बोलवावे लागले नाही की पोस्टाच्या खिडकीपुढे रांग लावावी लागली नाही. आधार आणि पॅनच्या आधारे फोनवरील गुंतवणुकीच्या अ‍ॅपमध्येच केवायसी झाले आणि आता पगार झाला की एसआयपीची, म्हणजे फंडातील दरमहा ठरावीक गुंतवणुकीची, रक्कम यूपीआयमधून आपोआप वळती होते. या सोयीला मी नावे ठेवणार नाही. म्युच्युअल फंडांच्या डायरेक्ट योजना जानेवारी २०१३पासून उपलब्ध असल्या, तरी वितरकाचे कमिशन वाचवणारा हा पर्याय सर्वसामान्य पगारदारापर्यंत खऱ्या अर्थाने पोहोचला तो अ‍ॅपमुळेच.

मात्र डायरेक्ट योजनेत जे कमिशन गुंतवणूकदाराचे वाचते, ते अ‍ॅपलाही मिळत नाही. साहजिकच कंपनीला कमाईचे दुसरे मार्ग शोधावे लागतात, आणि म्हणून एसआयपीच्याच शेजारी, तेवढ्याच आकाराच्या आणि तेवढ्याच गोड रंगाच्या चौकटींत डिजिटल सोने, वैयक्तिक कर्ज आणि फ्युचर्स-ऑप्शन्स (शेअर वा निर्देशांकाच्या पुढील भावावर केलेले जोखमीचे सौदे) मांडलेले दिसतात. माझा आक्षेप आहे तो या शेजारावर.

डिजिटल सोन्याचेच पाहा. १,००० रुपये भरले की ३ टक्के जीएसटी वजा जाता सुमारे ९७१ रुपयांचेच सोने खात्यात जमा होते. शिवाय विक्रीचा भाव खरेदीच्या भावापेक्षा कमी असल्याने सोने बरेच वधारल्याखेरीज मुद्दलसुद्धा हाती येत नाही. त्याहून गंभीर बाब अशी की, हे उत्पादन सेबी या रोखे बाजाराच्या नियामक संस्थेच्या अखत्यारीत येत नाही आणि त्यात फसगत झाल्यास रोखे बाजारातील गुंतवणूकदार-संरक्षणाच्या तरतुदी लागू होणार नाहीत, असा इशारा खुद्द सेबीनेच नोव्हेंबर २०२५मध्ये दिला. सोन्यातच पैसे घालायचे असतील, तर सेबीच्या नियमांखालील गोल्ड ईटीएफ (शेअर बाजारात खरेदी-विक्री होणारा सोन्याचा फंड) त्याच फोनवरून घेता येतो. (लग्नासाठी दागिना घ्यायचा असेल, तर तो हिशेबच निराळा.)

फ्युचर्स-ऑप्शन्सविषयी सेबीच्या सप्टेंबर २०२४च्या अभ्यासातील आकडे पुरेसे बोलके आहेत. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता, आणि तिशीच्या आतील लोकांचे प्रमाण एका वर्षात ३१वरून ४३ टक्क्यांवर पोहोचले. ब्रोकर म्हणून अ‍ॅपला दलाली मात्र सौदा फायद्याचा ठरो वा तोट्याचा, दोन्ही वेळा मिळते.

भाचीने इंडेक्स फंडाची (बाजाराच्या निर्देशांकातील शेअर्समध्ये पैसे गुंतवणाऱ्या फंडाची) एसआयपी चालू ठेवली असून सोन्याची खरेदी थांबवली आहे. फ्युचर्स-ऑप्शन्सचा विभाग तिने सुरूच केलेला नाही. त्यासाठी उत्पन्नाचा पुरावा द्यावा लागतो, आणि तो अपलोड करण्याची आठवण अ‍ॅप तिला न चुकता करून देत असते.