रस्त्यात पंक्चरवाले किती?

पुण्यात व्यसन सोडणाऱ्या पोरांचा ग्रुप घेते मी, दर शनिवारी चार वाजता, १३ ते १८ वयाची मुलं. इथलं बाहेर बोलायचं नाही, कुणाला मधेच तोडायचं नाही आणि घेतलं असेल तर खरं सांगायचं, एवढंच.

एक १४ वर्षांचा मुलगा चार शनिवार येऊन गप्प बसायचा. सोल्युशन ओढायचा, सायकलच्या पंक्चरला लावतात ते, रुमालावर ओतून. २०१२ मध्ये सरकारने व्हाइटनरच्या बाटल्या आणि थिनरच्या किरकोळ विक्रीवर बंदी आणली, पण पंक्चरची ट्यूब कुठेही मिळते. काही मिनिटांची नशा, भूक मरते आणि कधीकधी ओढता ओढताच हृदय बंद पडतं. हे सगळं मी त्याला समजावून झालं होतं, तो मान खाली घालून रुमालाची घडी घालायचा, मोडायचा, परत घालायचा.

त्या दिवशी आमचाच एक १७ वर्षांचा, नऊ महिने क्लीन असलेला, त्याला म्हणाला, "तुझ्या रस्त्यात पंक्चरवाले किती?"

"दोन."

पहिला शब्द! मी इतकी वर्षं काउन्सेलिंग करते, हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता.

"लांबूनच वास येतो ना?" त्याने मान हलवली. मग सगळी पोरं खाली बसली, एका फॉर्मच्या मागे स्केचपेनने रस्ता काढायला लागली, एक दुकान शाळेजवळ, दुसरं पुलाखाली, मागच्या गल्लीतून जा, तिकडं कुत्री आहेत रे, मग देवळावरून जा.

"लांब पडतं."

"पडू दे ना. आणि संध्याकाळी सहाला लय बेक्कार होतं, मलापण व्हायचं. तेव्हा मला मिस्ड कॉल दे, मी लावतो."

१४४४६ हा हेल्पलाइन नंबर मी भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलाय आणि तो हवाच, पण सहा वाजता हे पोरगं तिथे फोन करणार नव्हतं, मला माहीत होतं. मी काहीच बोलले नाही, नुसती बघत बसले, डोळे भरून आले होते खरं तर.

पुढच्या शनिवारी तो वीस मिनिटं उशिरा आला. "देवळावरून आलो ताई" म्हणाला. मंगळवारी एकदा घेतलं, तेही सांगितलं, कुणी न विचारता.