तुम्ही विचारलंत म्हणून: नुसता शेफिल्ड

कोल्हापुरात फुटबॉलचा विषय निघाला की समोरचा आधी पेठ विचारतो आणि मग इंग्लंडमधला क्लब. पेठेचं उत्तर सगळ्यांना पटतं. क्लबचं उत्तर 'शेफिल्ड' असं दिलं की लोक म्हणतात, "युनायटेड ना?" नाही. "मग वेन्सडे?" तेही नाही. ते दोघं शेफिल्ड शहरातले मोठे क्लब. माझा नुसता शेफिल्ड फुटबॉल क्लब. त्यावर ठरलेला प्रश्न येतो: "हा कुठे खेळतो? आणि तुम्हाला हाच कसा सापडला?" इतक्या जणांनी विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

इंग्लंडमध्ये फुटबॉल लीगची उतरंड आहे; वरच्या चार पायऱ्यांवर 92 क्लब. त्याखालचं सगळं नॉन-लीग. शेफिल्ड गेली बरीच वर्षं आठव्या पायरीवर आहे. आठवडाभर नोकरी-धंदा, संध्याकाळी सराव आणि शनिवारी सामना, असं तिथलं फुटबॉल.

हा क्लब 24 ऑक्टोबर 1857 रोजी स्थापन झाला. आज चालू असलेल्या फुटबॉल क्लबांमध्ये जगातला सर्वांत जुना म्हणून फिफाने त्याला मान्यता दिलेली आहे. नाथानिएल क्रेसविक वकील, विल्यम प्रेस्ट वाईनचा व्यापारी, दोघेही क्रिकेटवाले. हिवाळ्यात क्रिकेट बंद, तेव्हा अंग हलतं राहावं म्हणून त्यांनी हा उद्योग काढला. पहिलं कार्यालय एका घराच्या बागेतलं ग्रीनहाऊस. क्लब निघाला खरा, पण खेळायचं कोणाशी? दुसरा क्लबच नव्हता. मग आपसातच दोन बाजू पाडायच्या: कधी लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे, कधी आडनावाच्या आद्याक्षरावरून. आमच्या गल्लीत आम्ही असेच गडी वाटून घ्यायचो, त्यामुळे हे पहिल्यांदा वाचलं तेव्हाच हा क्लब मला घरचा वाटला.

1858 मध्ये त्यांनी नियम लिहून काढले. एकूण अकरा. हाताने ढकललेलं चालेल, पण नडगीवर लाथ मारणं आणि पाय घालून पाडणं कुठल्याही परिस्थितीत चालणार नाही. झेल घेतला तर फ्री किक. ऑफसाइडचा, म्हणजे समोरच्या गोलाजवळ आधीच जाऊन थांबण्यावरच्या बंदीचा, पत्ताच नाही. आणि अकरावा नियम माझ्या सगळ्यात आवडीचा: प्रत्येक खेळाडूने फ्लॅनेलच्या दोन टोप्या स्वतःच आणायच्या, एक लाल आणि एक गडद निळी. एका बाजूने एक रंग घालायचा, दुसरीने दुसरा. घरून निघताना आपण कुठल्या बाजूला असू हेच माहीत नसायचं, म्हणून खिशात दोन्ही टोप्या! लंडनची फुटबॉल असोसिएशन (एफए) निघाली 1863 मध्ये, म्हणजे या क्लबनंतर सहा वर्षांनी. पुढे कॉर्नर किक तिकडे गेली तीही शेफिल्डच्या नियमांतून.

1860 साली शेजारच्या हॅलम गावाने क्लब काढला आणि 26 डिसेंबरला सँडीगेटच्या मैदानावर दोन क्लबांमधला पहिला सामना झाला. शेफिल्डने तो 2-0 जिंकला. हॅलम आजही सँडीगेटवरच खेळतो.

याच दोघांचा 1862 च्या डिसेंबरात ब्रॅमल लेनच्या मैदानावर आणखी एक सामना झाला. हॅलमच्या वॉटरफॉलने चेंडू घेऊन निघालेल्या क्रेसविकला धरलं, झटापटीत क्रेसविकचा हात चुकून त्याला लागला, आणि वॉटरफॉल वेस्टकोट काढून त्याच्यावर तुटून पडला. वर्तमानपत्राने लिहिलं की क्रेसविकने एकही ठोसा परत मारला नाही. शिक्षा म्हणून वॉटरफॉलला गोलात उभं केलं. पण मला त्या भांडणापेक्षा सामन्याचं कारण महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापूस येईना, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, आणि उपाशी गिरणी कामगारांसाठी या सामन्यातून पैसे उभे केले जात होते. त्याच टंचाईने त्याच वर्षांत मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांची घरं भरली. तिथला गिरणी कामगार, इथला व्यापारी आणि मधे फुटबॉलचा एक सामना; हा धागा हाती लागल्यापासून मला शेफिल्ड लांब वाटत नाही.

मग पैसा आला. 1885 मध्ये व्यावसायिक खेळाडूंना अधिकृत मान्यता मिळाली. पगारी संघांपुढे शेफिल्डचा टिकाव लागेना, पण त्यांनी ठरवलं, आपण हौशीच राहायचं. हौशी क्लबांसाठी वेगळी स्पर्धा हवी हा आग्रहही त्यांचाच, आणि 1904 मध्ये तो एफए अमॅच्युअर कप त्यांनी जिंकला. शहरातले नंतर आलेले क्लब मोठे झाले, मोठी स्टेडियमं त्यांची झाली, आणि सगळ्यांचा थोरला भाड्याच्या मैदानांवर फिरत राहिला. 2001 पासून तो शेफिल्डमध्येही नाही. शहराच्या दक्षिणेला, डर्बीशायरमधल्या ड्रॉनफिल्डला खेळतो.

2011 मध्ये क्लबने ती नियमांची हस्तलिखितं, 1859 च्या छापील नियमांची प्रत आणि जुनी इतिवृत्तं लंडनमध्ये लिलावात विकली. 8,81,250 पौंड आले. क्लबच्या उभारणीसाठी पैसा हवा होता. मला याचं आजही वाईट वाटतं. तरी चूक केली असं म्हणवत नाही. कागद तिजोरीत जपायचे आणि पोरांना धड मैदान नाही, हे मला जास्त टोचलं असतं.

ड्रॉनफिल्डला मी एकदाच गेलोय. मैदानाला लागूनच कोच अँड हॉर्सेस नावाचा पब आहे. तो ओलांडून आत गेलो आणि कठड्याला टेकून उभा राहिलो. लाल-काळ्या शर्टातला बचावपटू माझ्यापासून दोन हातांवर थ्रो-इन घ्यायला आला; धापा टाकत होता, गुडघ्यापर्यंत चिखल. बाजूच्या आजोबांनी त्याला नावाने हाक मारून काहीतरी सुनावलं आणि त्याने मान हलवून "हो, हो" केलं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियममध्ये आपल्याच तालमीच्या संघातल्या पोराला माणसं ओरडतात, अगदी त्याच हक्काने. पोटात कालवलं माझ्या.

हिवाळ्यात तिथले दुपारचे तीन म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. हे सामने टीव्हीवर लागत नाहीत. शनिवारी जेवण आटोपून मी फोन समोर ठेवतो आणि मोबाइलवर निकाल येईपर्यंत जागा राहतो. तेवढ्या वेळात कोणाचा फोन आला, तर कृपया थोडक्यात बोला.