सुरवंट अपडेट: लेक "पाच" म्हणाली!

मंडळी, काल संध्याकाळी डोच्या (खेळायच्या, मैदा-मिठाच्या मऊ पिठाच्या) गोळ्यांचा सुरवंट करताना लेकीने "किती?" ला "पाच" असं थेट उत्तर दिलं, परत एकपासून सुरू न करता! तीन आठवडे याच एका शब्दाची वाट बघत होते, त्यामुळे बाकी सगळं बाजूला ठेवून आधी इथे लिहितेय.

घोळ तुम्हाला माहितीच आहे. सुरवंटाच्या गोळ्या ती बोट लावून, एकही न गाळता मोजायची, पण "मग किती झाल्या?" विचारलं की पुन्हा एक, दोन, तीन... गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीची पाच तत्त्वं मांडली, त्यातली पहिली दोन तिची पक्की होती, एका वस्तूला एकच आकडा आणि आकड्यांचा क्रम ठरलेला. गाडी अडली होती तिसऱ्यावर, शेवटी म्हटलेला आकडा म्हणजेच एकूण संख्या.

त्यात डोचा त्रास वेगळाच. गोळ्या एकमेकींना चिकटतात, ही वरून दाबते, दोनाची एक होते. परवा चौथी आणि पाचवी अशीच एक झाली, तिने नीट मोजून "चार" म्हटलं आणि मी बघितलंच नाही, "पाच ना गं" म्हणून मोकळी. तिचं बरोबर होतं, तिचा चेहरा पडला, मला फार वाईट वाटलं.

चिकटण्याचं कारण न शिजवलेला डो. मीठ हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे तिसऱ्या दिवशी हाताला लागायला लागतो. आता मी शिजवलेलाच करते: २ कप मैदा, १ कप मीठ, २ टेबलस्पून तेल, २ टेबलस्पून क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगमध्ये वापरतात ती आंबट पूड), २ कप पाणी. रंग आधी पाण्यात घालायचा, मंद आचेवर भांड्याच्या कडा सोडेपर्यंत ढवळायचं, कोमट झाला की मळायचा आणि हवाबंद डब्यात.

तरी दाबणं थांबेना. म्हटलं दाबायचंच आहे ना, मग दाब! डोची लांब पट्टी केली आणि तिच्याकडूनच बोटाने पाच खड्डे पाडून घेतले. खड्डे हलत नाहीत, चिकटत नाहीत, त्यात तिच्या नखाची छोटी रेघसुद्धा उमटलेली. मग "मोज" म्हणायचं सोडून दिलं आणि म्हटलं, सुरवंटाला गोळ्या हव्यात, एका खड्ड्यात एकच, जा डब्यातून आण. मूठभर आणल्या, एकेक बसवली, हातात दोन उरल्या. त्या दोन गोळ्यांकडे जरा वेळ बघितलं आणि आपणहून डब्यात ठेवून आली. मी विचारलं, किती बसल्या? "पाच." एक गोळी चपटी करून विचारलं, तरी पाच!

आता पुढचं. आकड्यांचे कटर वापरून आकडे कापायचा बेत होता तो रद्द, प्लॅस्टिकचे ते साचे निव्वळ वैताग आहेत, ४ च्या गाठीत डो अडकतो आणि काढताना शेपूट तुटतं. बाटलीचं झाकण आणि स्ट्रॉ यांच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. आकडे कापण्याऐवजी १ ते ३ ठिपक्यांचा फासा करणार होते, फासा टाकायचा आणि तेवढे खड्डे... पण थांबा, लिहिता लिहिता सुचलं, हीच पट्टी दोनदा, एकाखाली एक, म्हणजे पाच-पाचची दहाची चौकट तयार! वरची ओळ भरली की सहा म्हणजे पाच आणि एक हे नुसतं दिसेल. फासा नंतर.

धाकटा दोन वर्षांचा आहे, त्याला गोळ्या अजिबात देत नाही, घशात अडकायची भीती. तो फक्त खड्डे पाडतो. आणि घरात कुत्रा असेल तर डब्याचं झाकण घट्ट लावा, इतकं मीठ त्याच्या पोटात जाणं धोक्याचं आहे.

पट्टी लाटायला घेतेय, दोन ओळी एका ताटात मावतात का बघते.