चवथीच्या आरत्या आणि ऑफलाइन प्रिंटर

चवथ ८ दिवसांवर आली आणि आईने फर्मान काढलं, आरतीच्या पुस्तकातली अक्षरं आता दिसत नाहीत, यंदा मोठ्या टायपात छापून दे. मीपण ऐटीत हो म्हटलं, घरात वायफाय प्रिंटर असताना काय ते. २० चा फाँट, १४ पानं, १० प्रती. प्रिंट दाबलं तर लॅपटॉप म्हणतो प्रिंटर ऑफलाइन.

अहो कसला ऑफलाइन, समोर त्याचा वायफायचा दिवा छान पेटलेला!

मग सगळे करतात तेच केलं, बंद-चालू, परत प्रिंट, परत प्रिंट, करता करता क्यूमध्ये पाच कामं अडकली आणि कॅन्सल केलं तर नुसतं डिलीटिंग डिलीटिंग दाखवत बसलं. शेवटी विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर, म्हणजे छपाईची कामं रांगेत लावणारा प्रोग्राम, थांबवला, सिस्टम३२ मधल्या स्पूल फोल्डरात प्रिंटर्स नावाचं फोल्डर असतं ते आतून रिकामं केलं, स्पूलर परत चालू. क्यू साफ झाली, प्रिंटर मात्र ऑफलाइनच.

शेजारचा बारावीतला मुलगा कुंपणावरूनच, "कितें जालें ताई?" त्याचं निदान असं की आमच्या भिंती चिऱ्याच्या, वायफाय पोचत नाही. अगदीच चूक नाही म्हणा, जुन्या घराच्या जाड भिंती, शिवाय हा प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवालं वायफाय पकडतो, ५ वालं त्याला दिसतच नाही. पण सिग्नल नसता तर दिवा मिचमिचला असता ना.

उत्तर प्रिंटरनेच दिलं. त्याच्या बटणांवरून नेटवर्कची माहिती छापता येते, लॅपटॉप लागत नाही. त्या पानावर त्याचा आयपी पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कवरचा त्याचा नंबर, शेवटी १२, आणि लॅपटॉपवर प्रिंटर प्रॉपर्टीजच्या पोर्ट्समध्ये बघितलं तर शेवटी ७. म्हणजे लॅपटॉप बिचारा जुन्या घराचं दार वाजवत होता! झालं होतं असं, आठवडाभरापूर्वी मी बिल छापताना विजा सुरू झाल्या आणि करंट गेला, अर्धा कागद आत अडकला तो मी ओढून काढला, भीतीने प्रिंटरचा प्लगच काढून टाकला आणि विसरले. राउटर पत्ते देतो ते मुदतीवर, तेवढ्यात ७ नंबर दुसऱ्याच कुणाच्या तरी मोबाइलला गेला. लॅपटॉपवर नव्या पत्त्याचा टीसीपी आयपी पोर्ट, म्हणजे प्रिंटरकडे जायची वाट, जोडला आणि राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन १२ नंबर प्रिंटरच्या नावे कायमचा राखून ठेवला. दहा मिनिटांचं काम, पण तिथवर पोचायला सगळी दुपार गेली.

छापायला लागलं खरं, पण आरतीच्या प्रत्येक ओळीत पांढऱ्या रेघा. हेही त्याच करंटचं पाप. बटणाने बंद केलं की प्रिंटर शाई सोडणारं हेड नेऊन झाकणाखाली ठेवतो, मधेच वीज गेली की ते उघडं राहतं, आणि मी तर प्लग काढून आठवडाभर तसंच सोडलेलं, शाई तोंडाशी सुकली. नोझल चेक, म्हणजे शाईची भोकं तपासायचं पान, छापलं तर काळ्या रंगाच्या रेषा तुटक तुटक. हेड क्लीनिंग दोनदा केलं आणि थांबले. लोक सात-आठ वेळा करतात, करू नका, दर वेळी शाई ओतली जाते आणि ती आतल्या वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया शाई शोषणाऱ्या गादीत, जमते. रात्रभर ठेवलं, सकाळी अजून एकदा क्लीनिंग, रेषा अखंड.

मग कागद. पाकीट पावसाळा लागल्यापासून उघडं, सगळे कागद ओलसर होऊन वाकलेले, दोन-दोन एकदम आत जायला लागले. ते रद्दीत टाकले आणि नवं पाकीट फोडलं.

नऊ प्रती झाल्या आणि कागद संपले, मधल्या फुकट गेलेल्यांमुळे. चवथीच्या तोंडावर फोंड्याच्या बाजारात त्या गर्दीत कागद आणायला कोण जाणार, दादाला पीडीएफ पाठवलाय, तो मोबाइलवर बघून म्हणेल.