पाटी-पेन्सिलीच्या आधीचा अर्धा तास

जून लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घराघरांत एकच घाई उडते. तीन-साडेतीन वर्षांच्या पोराच्या हातात पाटी येते आणि महिनाभरातच 'अजून अ काढत नाही' म्हणून आई-आजी काळजीत पडतात. त्या पोराला एका पायावर किती वेळ उभं राहता येतं, आलेली वस्तू दोन्ही हातांनी झेलता येते का, हे मात्र कुणी विचारत नाही. लिहिण्याची तयारी तर तिथेच होत असते.

मुलाला शरीराचा ताबा डोक्याकडून पायाकडे आणि धडाकडून बोटांकडे मिळत जातो. धड स्थिर नसेल तर खांदा स्थिर राहत नाही आणि खांदा डळमळला की मनगट मोकळं होत नाही. म्हणून लहान मूल खडू मुठीत धरतं आणि अख्खा हात खांद्यातून फिरवतं. तीन बोटांची पकड साधारण साडेतीन-चारच्या सुमारास दिसू लागते. त्या पकडीत बोटं स्वतंत्रपणे हलायला आणखी वर्ष-दीड वर्ष जातं. बघून गोल काढणं तिसऱ्या वर्षी जमतं, अधिकची खूण चौथ्या वर्षी, चौकोन त्यानंतर, आणि तिरक्या रेषांचा त्रिकोण पाचच्या आसपास. अक्षर मराठी असो की कन्नड, त्यात गोलाई, तिरपी रेघ आणि योग्य जागी थांबणं एकत्र येतं. तीन वर्षांच्या मुलाकडून ते करवून घेतलं तर मूल पेन्सिल आवळून धरतं आणि तीच सवय पुढे सोडवताना दमछाक होते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल करावी, त्यातली किमान 60 मिनिटं धाप लागेल अशी असावीत, बसून स्क्रीन पाहणं एका तासाच्या वर जाऊ नये आणि झोप 10 ते 13 तास व्हावी, असं त्यात आहे. हे तीन तास अंगणात, गल्लीत, शेताच्या बांधावर आपोआप भरतात. मूल फ्लॅटमध्ये किंवा रिक्षा-शाळा-ट्यूशनच्या चक्रात असेल तर ते मुद्दाम भरून काढावे लागतात. अंगणवाडीतल्या टीचरनी किंवा घरी आई-आजोबांनी रोज ठरवून अर्धा तास दिला तरी त्यात पुष्कळ बसतं.

सुरुवात प्राण्यांच्या चालींनी करा, पाच-सात मिनिटं. अस्वल म्हणजे तळहात आणि पावलं जमिनीवर, गुडघे उचललेले, कंबर वर. तीन मीटर पुरे. मूल मध्येच गुडघे टेकू लागलं तर तो आळस नाही, खांदे-मनगटं दमलेली असतात. अंतर निम्मं करा. मग बेडूकउडी. शेवटी हातगाडी, म्हणजे मूल हातांवर चालतं आणि मोठं माणूस त्याचे पाय धरतं. इथे बहुतेकजण घोटे धरतात आणि मुलाचं पोट खाली लोंबतं, कंबरेवर ताण येतो. मांड्यांना, गुडघ्यांच्या वर धरा. पाच-सहा 'पावलं' चाललं की थांबवा. तालमीचं वेड असलेल्या आपल्या भागात चार वर्षांच्या नातवाला जोर-बैठका मोजून काढायला लावणारे आजोबा भेटतात. हौस समजते, पण या वयात अंगातली ताकद अशा खेळांनीच वाढू द्यावी. मोजून केलेल्या व्यायामाला मूल दोन दिवसांत कंटाळतं आणि चुकीच्या पद्धतीने उरकतं.

त्यानंतर उडी, आणि उडीत आधी उतरणं शिकवायचं. घरातला पाट उपडा न घालता नीट पायांवर ठेवा, तो डुगडुगत नाही ना ते पाहा. तीन वर्षांचं मूल एक पाय आधी टाकतं, ती उडी नव्हे, ती पायरी उतरणं झालं. समोर दोन पावलं खडूने काढून द्या आणि 'दोन्ही पाय एकदम यात' एवढंच सांगा. पाटावरून जमलं की 15 ते 20 सेंटिमीटरची पायरी. त्यापेक्षा उंच नको. धप्प आवाज आला म्हणजे गुडघे ताठ आहेत. 'गुडघे वाकव' म्हणून काही होत नाही. 'मांजरासारखं, आवाज न करता उतर' म्हटलं की गुडघे आपसूक वाकतात.

लंगडी याच्या पुढची. चौथ्या वर्षी दोन-तीन उड्या, पाचव्यापर्यंत आवडत्या पायावर सलग बऱ्याच. मूल पडतं ते ताकद कमी म्हणूनच असं नाही. ते स्वतःच्या पायाकडे बघत राहतं, म्हणून डोकं पुढे जातं आणि तोल सुटतो. त्याच्या नजरेच्या उंचीवर भिंतीला लाल कागद चिकटवा आणि तिकडे बघत एका हाताला धरून लंगडी घालू द्या. दुसऱ्या पायावर कमी जमणं स्वाभाविक आहे, तरी दोन्ही पाय वापरू द्या. ठिकरीची घरं मोठ्या मुलींच्या मापाची आखू नका. 40 सेंटिमीटरचं घर आणि तीनच घरं, एवढ्यावर सुरुवात होते.

आता झेलणं-फेकणं. यावर सगळ्यात जास्त वेळ द्या, आणि चेंडूने सुरुवात करू नका. रबरी चेंडू उसळतो, पळतो, आणि नाकावर एकदा लागला की मूल पुढे कित्येक दिवस डोळे मिटून तोंड फिरवतं. जुन्या सुती कापडाची 12 सेंटिमीटरची चौकोनी पिशवी शिवा, आत 100 ग्रॅम ज्वारी. पिशवी तीन-चतुर्थांशच भरा. गच्च भरली तर दगड होते, थोडी ढिली असेल तर बोटांत नीट बसते आणि निसटत नाही. शिवण दुहेरी घाला. ज्वारी आधी भाजून गार करून घ्या, नाहीतर आपल्याकडच्या पावसात किडे होतात. रात्री पिशव्या झाकणाच्या डब्यात ठेवा, उंदीर एका रात्रीत सगळं मोकळं करतात.

झेलायला शिकवताना एक मीटरवर उभे राहा आणि खालून, मुलाच्या छातीच्या उंचीवर टाका. वरून टाकलेली पिशवी त्याला दिसेपर्यंत अंगावर आलेली असते. हात ताठ पुढे असतील तर पिशवी मनगटावर आपटून पडते. 'पोटाशी घे' असं सांगा. आधी छातीशी कवटाळून, मग दोन हातांच्या ओंजळीत, मग नुसत्या बोटांत, या क्रमाने झेल येतो. सलग काही झेल जमले की अर्धं पाऊल मागे जा.

फेकण्यात उलटं होतं. जवळ छोटं लक्ष्य दिलं की मूल हात न फिरवता नुसतं ढकलतं. लक्ष्य मोठं आणि लांब हवं. भिंतीवर गोणपाट लटकवा, तीन मीटरवर उभं करा आणि 'जोरात मार, आवाज आला पाहिजे' म्हणा. नेम नंतर येतो. उजव्या हाताने फेकताना उजवाच पाय पुढे पडत असेल तर मुलाला आडवं उभं करा, डावा खांदा भिंतीकडे, आणि जमिनीवर डाव्या पावलाची खूण काढा. लांब फेकायची वेळ आली की कंबर आपोआप वळू लागते, आणि त्यातून धडावर येणारा ताबा पुढे वहीवर हात सरकतानाही उपयोगी पडतो.

वीस मुलांत एक चेंडू असेल तर दहा मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम तीन फेकी येतात, बाकी वेळ रांगेत ढकलाढकली. म्हणून वीस मुलांना वीस पिशव्या. 'आउट' होण्याचे खेळ या वयात टाळावेत. ज्याला सरावाची सर्वाधिक गरज, तोच आधी बाहेर बसतो.

सीमाभागातल्या बऱ्याच अंगणवाड्यांत टीचर कन्नड बोलतात आणि मूल घरी मराठी, किंवा उलट. हालचाल शिकवताना ही अडचण फार लहान होते, कारण सांगण्याऐवजी करून दाखवता येतं. 'हारु' म्हणत उडी मारली, 'निल्लु' म्हणत थांबलं, की तिसऱ्या दिवशी मराठी पोरंही त्यावर बरोबर थांबतात. 'थांब-पळ' हा खेळ दोन्ही भाषांत आलटून पालटून घ्या. हुकमाबरोबर अंग थांबवणं हेही शिकावंच लागतं.

बोटांसाठी वेगळं साहित्य विकत आणायची गरज नाही. बेंदराच्या मातीच्या बैलासाठी माती तिंबणं, पंचमीचा झोका, दिवाळीच्या किल्ल्याला घमेल्यातून थोडी थोडी माती वाहणं, थंडीत पावट्याच्या शेंगा सोलणं यांत खांद्यापासून चिमटीपर्यंत सगळं येतं. भुईमुगाच्या शेंगा फोडायला द्या, पण दाणे खात पळू देऊ नका. लहान मुलांच्या श्वासनलिकेत दाणा अडकण्याचा धोका खरा आहे. तीन वर्षांखालच्यांच्या हाती चिंचोके आणि मणीही नकोत.

काही खुणा मात्र सरावावर सोडून देऊ नयेत. तिसऱ्या वर्षानंतरही सतत टाचा उचलून चालणं, येत असलेली हालचाल हळूहळू जाणं, एकाच बाजूचा हात-पाय कमी वापरणं, फिकट चेहरा आणि दोन मिनिटांत दमणं. विशेषतः मुलग्यांत जमिनीवरून उठताना आधी पालथं होऊन, मग हात गुडघ्यांवर आणि मांड्यांवर टेकत स्वतःला वर ढकलणं, सोबत पोटऱ्या जाड दिसणं, हे स्नायूंच्या आजाराचं लक्षण असू शकतं. त्याला लगेच डॉक्टरांकडे न्यावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं, तेव्हा टीचरनी अशा मुलांची नावं आधीच लिहून ठेवावीत. पण शंका दाट असेल तर त्या फेरीची वाट पाहू नका. नेताना मुलाचं उठणं, चालणं, पायरी चढणं मोबाईलवर अर्धा-अर्धा मिनिट चित्रित करून न्या, कारण दवाखान्यात मूल आईच्या कडेवरून खाली उतरत नाही आणि डॉक्टरांना जे बघायचं असतं तेच बघायला मिळत नाही.