नळातली लाल अळी

तक्रार आली ती ‘नळातून नारू येतोय’ अशी. एका आजोबांनी पुरावा म्हणून अळी वाटीत धरून ठेवली होती. नारू, म्हणजे पाण्यातून शरीरात जाणारा जंत, देशातून २००० सालीच हद्दपार झाला, आणि तो नळातून असा वळवळत येतही नाही.

पांढऱ्या ताटलीत ओतल्यावर अळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळू लागली. भिंगाखाली तपकिरी डोकं, त्यामागे आखूड पायांची जोडी, शेपटाशी दुसरी. म्हणजे कायरोनोमस. डोकं-पाय नसते तर ट्युबिफेक्स, म्हणजे गाळातला लाल कृमी, म्हटलं असतं. कायरोनोमस म्हणजे डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या चिलटाची पोरं. रक्तातल्या हिमोग्लोबिनमुळे लाल दिसतात आणि प्राणवायू कमी असलेल्या गाळातही तगतात. फिशटँकवाले हीच अळी पैसे मोजून घेतात!

सोसायटीच्या टाकीत येणाऱ्या आणि टाकीतून जाणाऱ्या, दोन्ही पाइपांना तासभर पांढरं कापड बांधलं. येणाऱ्या पाइपाचं कोरं निघालं. घर टाकीतच होतं.

सोसायटीने भरल्या टाकीत दोनदा टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून पाहिली होती. आठवड्याने पुन्हा अळ्या. टाकी उपसल्यावर कारण दिसलं. आउटलेट तळापासून दहा सेंटिमीटर वर, त्याखालचा गाळ वर्षानुवर्षं तसाच. गाळावर मातीच्या बारीक नळ्या उभ्या. अळी लाळेच्या धाग्यांनी गाळ सांधून नळी करते, आत अंग हलवत पाणी ओढते आणि कुजलेले कण, शेवाळ, जिवाणू खाते. क्लोरीन नळीपर्यंत पोहोचायच्या आत गाळातच खर्ची पडतं. जेलीत गुंडाळलेली अंडी तर त्याला दादच देत नाहीत.

म्हणून आधी गाळ बाहेर, भिंती नायलॉन ब्रशने घासून. आत एक माणूस, झाकणाशी दोघे, पंखा चालू. मग वीस हजार लिटरला चार किलो टीसीएल (२५ टक्के क्लोरीन धरून): लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन. पावडर बादलीत कालवून निवळू द्यायची, फक्त वरचं पाणी टाकीत. चुना खाली बसला तर पुन्हा गाळच. चोवीस तासांनी सगळं सोडून दिलं, दोनदा धुतलं. नव्या पाण्यात क्लोरोस्कोपवर (क्लोरीन मोजायच्या साधनावर) लिटरला ०.२ मिलिग्रॅम दिसल्यावरच पंप सुरू.

चिलटं शिरत होती ओव्हरफ्लो पाइपातून. त्याची जाळी गंजून गेली होती. डासांच्या साध्या जाळीतून बारीक चिलटं निसटतात, म्हणून अर्ध्या मिलिमीटर छिद्रांची स्टीलची बसवली. टाकीवरचा रात्रभर जळणारा दिवा त्यांना बोलावतच होता. तो काढायला कुणी तयार होईना, शेवटी पार्किंगकडे सरकवला.